घरचा ‘लाइव्ह रॉक’ आणि सिमेंटची भीती

लोणावळ्यात कुणी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावायला घेतली आणि तिच्यासाठी ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना राहायला लागणारा दगड, घरीच सिमेंटचा करतो म्हणाला, की सल्ला ठरलेला: ‘सिमेंटनं मासे मरतील. त्यापेक्षा कोकणातून वाळकं प्रवाळ आण.’ ज्याला भ्यायचं नाही त्याला भ्यायचं आणि भ्यायला हवं ते बिनधास्त उचलून आणायचं, असा हा सल्ला आहे.

वाहून आलेल्या मेल्या प्रवाळाला कसला आलाय कायदा, असं पुष्कळांना वाटतं. पण दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. जिवंत की मेलेलं हा प्रश्नच नाही. परवान्याशिवाय तुकडा बाळगणं हाही गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मुंबईत किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचं प्रवाळ २०२० मध्ये वनखात्याच्या परवानगीनं उचलून दुसरीकडे नेऊन लावावं लागलं. सरकारी कामाला जी सूट नाही, ती आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीला कुठून मिळणार?

मुळात ‘लाइव्ह रॉक’मधला दगड जिवंत नसतोच. जिवंत असतात ते त्याच्या भोकाभोकांत राहणारे जिवाणू. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या आत, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. या भाडेकरूंना घर प्रवाळाचंच हवं असं काही नाही. सच्छिद्र असलं म्हणजे झालं.

आता सिमेंट. ते घट्ट होताना विरलेला चुना मोकळा होतो आणि भोवतालच्या पाण्याचा पीएच १२च्या वर नेतो. समुद्राचा असतो ८.१च्या आसपास. असा ताजा दगड टाकीत गेला तर मासे मरणारच, तेवढी भीती खरी. पण हा चुना धुऊन निघतो, आणि उरलेल्याचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे शिंपल्याचंच द्रव्य. मेअखेरीस ओतलेला दगड पावसाळाभर पागोळ्यांखाली ठेवायला लोणावळ्यासारखी जागा नाही. व्हिनेगरनं काम लवकर उरकतं, पण ते चुन्याबरोबर दगडात मिसळलेला शिंपल्यांचा चुराही खातं.

मात्र चार महिने पाऊस खाल्ला म्हणून दगड निर्धोक झाला असं धरू नये. वाहत्या पाण्यात पीएच चढलेला दिसतच नाही. बादलीत साध्या पाण्यात दगड बुडवायचा, झाकण लावून दोन दिवस ठेवायचा आणि मग मोजायचं. पाणी बदलून लागोपाठ दोन-तीनदा ८.५च्या खाली आला, तरच पुढे. (हे चुनखट पाणी ओढ्यात ओतू नका, इंद्रायणी इथूनच निघते.)

हा दगड करायला तसा सोपा. एक भाग सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा चुरा, एक-दोन भाग जाडं मीठ. चुरा कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. अंड्यांची कवचं टणक व्हावीत म्हणून तो कोंबड्यांना घालतात. घमेल्यात सिमेंट आणि चुरा कोरडाच कालवायचा, मग बेतानं पाणी, आणि मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर विरघळून जातं आणि भोकं पडत नाहीत. मुठीत दाबलं की लाडवासारखं जमून राहावं, बोटांच्या फटींतून पाणी गळू नये. रबरी हातमोजे हवेतच, सिमेंट कातडी जाळतं. ओल्या वाळूत वेडेवाकडे खड्डे करून त्यांत हे मिश्रण सैल टाकायचं. थापीनं गुळगुळीत केलंत तर भोकांची तोंडं बुजली. आत लोखंडी तार घालू नये, गंजते.

‘मग इथला काळा दगडच का नको?’ बेसाल्ट विषारी नाही, जिवाणू त्यावरही बसतात. पण बहुतेक घट्ट आणि जड, आत शिरायला वाव नाही. लोहगड, विसापूर, कार्ले, भाजे ही तर संरक्षित स्मारकं. तिथला खडाही हलवू नये.

शिंपल्याचा दगड पीएच आपोआप सांभाळतो, हा आणखी एक लाडका समज. समुद्राच्या पाण्यात, ८च्या वरच्या पीएचला, कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ विरघळतच नाही. क्षारता (अल्कलिनिटी) मोजून भरावीच लागते.

आणि चुना निघालेला दगड म्हणजे ‘लाइव्ह रॉक’ नव्हे. ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतली मूठभर वाळू आणि अमोनियासाठी चिमूटभर खाद्य घालून वाट पाहायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. जांभळट कोरलाइन शेवाळाला कित्येक महिने. अलिबागहून समुद्राचं पाणी आणून ओतलं की लवकर होतं, असं सांगणारे भेटतात. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नदीनाल्यांनी पातळ झालेलं असतं. त्यात हायड्रोमीटर सोडून बघा, टाकीला विशिष्ट गुरुत्व १.०२५ लागतं.