ऐंशीची टुणटुण

अलिबागहून मुरुडकडे निघालेला रस्ता रेवदंड्याची खाडी ओलांडतो, कोर्लई, बोर्ली करीत काशीदला येतो आणि सुरूच्या झाडांआडून एकदम समुद्र दिसतो. एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला खाणावळी नि शहाळेवाले. रविवारी ओलीचिंब पोरे पाण्यातून निघतात ती थेट डांबरावर. आणि नेमके इथेच मुंबई-पुण्याच्या गाड्यांना समुद्र पाहून स्फुरण चढते.

भाच्याच्या गाडीतून येताना पेणजवळ गाडी मधूनच टुणटुणू लागली. ‘‘हे काय रे?’’ ‘‘ऐंशीच्या वर गेलो की वाजते, मामा. सवय होते.’’

१ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना हा इशारा सक्तीचा आहे. ऐंशीवर अधूनमधून, एकशेवीसवर अखंड. पण काशीदच्या किनाऱ्यासमोर साठसुद्धा भयंकर! तिथे हे यंत्र गप्पच. त्याला आकडा ठाऊक, गाव ठाऊक नाही.

युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत याहून शहाणे यंत्र सक्तीचे केले. कॅमेऱ्याने पाटी वाचायची, नकाशाशी ताडायची आणि चालकाला सावध करायचे. काही गाड्यांत तर ॲक्सिलरेटरही आवरला जातो. चालकाने जोर दिलाच, तर मात्र ऐकायचे त्याचेच.

मी बँकेत हयात घालवली, त्यामुळे मला यात काही नवल वाटत नाही. प्रत्येक अधिकाऱ्याला रकमेची मर्यादा असे. त्यापुढचे व्हाउचर दुसऱ्या सहीशिवाय पास होत नसे. त्यात कोणाला अपमान वाटत नसे. पगाराच्या तारखेच्या गर्दीत भल्या माणसाचाही हात घसरतो, एवढेच त्यात गृहीत होते. मोटारीत बसलेला माणूस मात्र स्वतःला सर्वाधिकारी समजतो. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, हे गणित त्याच्या सहीची वाट पाहत नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील दहापैकी सातांच्या नावापुढे ‘अतिवेग’ अशी नोंद आहे. (हा रकाना सोयीचाही आहे म्हणा, वाईट वळण, बंद दिवे, सारे त्याच्या पोटात जाते.)

सक्तीचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१५ च्या नियमाने व्यापारी वाहनांना ऐंशीचा, तर डंपर आणि शाळेच्या बसना साठचा वेगनियंत्रक आला. कित्येक ट्रकांत तो पासिंगच्या दिवसापुरता शुद्धीवर येतो. एरवी त्याची वायर सुटलेली.

उद्या ते युरोपी यंत्र आपल्याकडे आलेच, तर त्याला वाचायला पाटी तर हवी! त्या दिवशी वाटेत मला ठळक अक्षरे दिसली ती ‘खोल्या मिळतील’ आणि ‘घरगुती जेवण’ यांचीच. गावाच्या वेशीवर वेगमर्यादेचा ठसठशीत आकडा रंगवायला, दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा गिरवायला आणि किनाऱ्यासमोर गतिरोधक टाकायला कोणत्याही परदेशी कॅमेऱ्याची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्याच्या सुट्ट्यांआधी एवढे झाले तरी पुष्कळ.