आवलीचे पायताण

दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ला रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडू लागले, ही हकीकत आता सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. अंघोळ उरकून समोर बसणे, संचाला हार घालणे, ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी अख्खी आळी लोटणे, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मात्र निसटते. तोवर पोथी घरात वाचली जाई, पण ती ऐकायची. देव्हाऱ्याबाहेर देव डोळ्यांनी पाहायचा तर देऊळ, तमाशाचा फड किंवा थिएटर गाठावे लागे. १९८७नंतर देव दिवाणखान्यात आला आणि हळूहळू त्या घरातलाच एक होऊन गेला. मराठी वाहिन्यांवर हे २०१४पासून ऐन भरात आले. त्या वर्षी खंडोबावरची ‘जय मल्हार’ आणि तुकोबांवरची ‘तू माझा सांगाती’ सुरू झाल्या, २०१७ला ‘विठू माऊली’ आली, २०१८ला ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’. देव आणि संत रोज संध्याकाळी, जेवणाच्या ताटासमोर.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मालिकांनी देवाला सासू-सुनांच्या भांडणात ओढले. खंडोबा म्हाळसा आणि बानू यांच्यामध्ये कात्रीत सापडलेला नवरा होऊन बसला. हा आक्षेप घेणाऱ्यांनी खंडोबाचे जागरण कधी रात्रभर ऐकलेले नसावे. नेवाशाची वाण्याची लेक म्हाळसा आणि चंदनपुरीची धनगराची बानू यांचे सवतीमत्सराचे भांडण वाघ्या-मुरळ्या पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत, आणि त्यात जातीचे, रानातल्या आणि वाड्यातल्या राहणीचे टोमणे मालिकेपेक्षा कितीतरी बोचरे आहेत. जेजुरीला म्हाळसा वर गडावर देवाशेजारी, तर बानूचे देऊळ वाटेत, डोंगराच्या मध्यावर. ही वाटणी कोणा पटकथाकाराने केलेली नाही. मराठी भक्तीला संसाराचे वावडे कधीच नव्हते. तेव्हा देव घरगुती झाला ही तक्रार बाद. बिघडले ते दुसरीकडे.

ते कळायला १९३६कडे जावे लागते. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याबद्दल बोलताना विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांचे नाव आधी येते. चित्रपट तोलून धरला आहे तो मात्र गौरीने साकारलेल्या त्यांच्या बायकोने, आवलीने. तिच्या घरात दाणा नाही, नवरा अभंगात. पोर आजारी पडते तेव्हा ती थेट देवळात जाऊन विठोबावर पायताण उगारते. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत पाठवतात, तेव्हा तिचा संताप प्रेक्षकाला अडाणीपणाचा वाटत नाही, हिशोबाचा वाटतो. कोणी म्हणेल, चमत्कार तर याही चित्रपटात आहेत, शेवटी गरुड येतो आणि तुकोबा वैकुंठाला जातात. खरेच आहे. पण तो गरुड आवलीचे तोंड बंद करत नाही. नवरा बोलावतो आणि ती जात नाही, मागे राहते, पोरांपाशी. भक्ती आणि भाकरी यांचा वाद सुटलेला नसतानाच चित्रपट संपतो, आणि म्हणूनच त्यातली भक्ती खरी वाटते.

रोजच्या मालिकेला ही मोकळीक परवडत नाही. आठवड्याचे पाच-सहा भाग, दर भागाच्या शेवटी उत्कंठा, वर्षानुवर्षे तेच. मग कथेला रोज एक शंकेखोर लागतो आणि त्याची खोड जिरवायला एक चमत्कार. पाटील, सावकार, गावचा टवाळ कोणीही असो, बहुतेक वेळा दोन-चार भागांत पायावर. शंका उरते ती फक्त खलनायकाकडे. बाळूमामांच्या मालिकेत धनगरी बोली आहे, मेंढरे आहेत, १९६६पर्यंत हयात असलेल्या माणसाचा ओळखीचा मुलूख आहे. एवढे अस्सल साहित्य हाताशी असूनही कथा वळते ती प्रचितीकडेच. आता यावर एक उत्तर येईल आणि ते हलके नाही. वारीला जाणे ज्यांना झेपत नाही, ज्यांची संध्याकाळ एकट्याने सरते, त्यांना अशी मालिका आधार देते, तिथे शंका हवी कशाला? मार्च २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावले तेव्हाही लोकांना आधारच हवा होता. पण आधार आणि शंका यांचे वैर आहे हे ठरवले कोणी? पायताण उगारणाऱ्या बाईनेही तो देव सोडलेला नव्हता. देवाशी भांडण्याइतकी सलगी तिच्याकडे होती, आणि घराघरांतल्या देव्हाऱ्यांसमोर अशी भांडणे रोज होतात. मालिकेत तेवढी दिसत नाहीत.

‘संत तुकाराम’ सव्वादोन तासांच्या आत संपतो, मालिकेच्या एका आठवड्याएवढ्या वेळात. पाहायला बसाल तेव्हा थोडा वेळ तुकोबांवरची नजर काढून आवलीकडे पाहा.