मुंबई–पुणे सत्तर वेळा, विनाथांबा

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराला खेटून बूंडॉलची पाणथळ आहे. ११०० हेक्टरांहून मोठी! हेक्टर डोळ्यांपुढे येत नाही ना? मग दादरचं शिवाजी पार्क घ्या आणि तशी जवळजवळ शंभर एकाला एक जोडा. शेजारी रेल्वे स्टेशन, मधून महामार्ग आणि चिखलाच्या काठाने तिवरं. आपल्या ठाण्याच्या खाडीतलीच जात, तशाच बोटांसारख्या मुळ्या वर काढणारी.

लगतच्या मोरेटन उपसागरात तिकडच्या उन्हाळ्यात चाळीस हजारांहून जास्त किनारपक्षी असतात. माणसं असती तर गर्दीच्या वेळच्या आठ-नऊ लोकल खचाखच भरल्या असत्या. त्यांतला एकच घेऊ: गॉडविट, आपल्याकडच्या पाणटिवळ्याचा भाऊबंद. अर्ध्या किलोच्या आतबाहेरचा जीव. चोच किंचित वर वळलेली, बुडाशी गुलाबी. ती चिखलात खोल खुपसतो, मान हलवतो आणि किडा ओढून काढतो. दिसायला अगदी साधा. पण येतो कुठून? अलास्काहून!

२०२२च्या ऑक्टोबरात त्याच जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं ते थेट टास्मानियात उतरलं. पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र होतं म्हणून कळलं: १३,५६० किलोमीटर, ११ दिवस १ तास. मुंबई–पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर, म्हणजे हे अंतर सत्तर वेळा कापलं! कर्जतला वडा नाही, डुलकीपुरता थांबा नाही. पाण्यावर टेकायचीही सोय नाही, कारण बदकासारखे पडद्याचे पाय नाहीत. वेग सरासरी ताशी ५१ किलोमीटर. डेक्कन क्वीन याहून थोडी जोरात जाते, कबूल. पण ती पुण्याला थांबते!

आता खर्च. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या मोटरसायकलला एवढ्या अंतराला २७१ लिटर पेट्रोल लागेल. शंभराचा भाव धरला तरी सत्तावीस हजार रुपये. गॉडविटची टाकी केवढी? साधारण पाव किलो चरबी, तुपाची एक लहान बरणी! कसं जमतं ते शास्त्रज्ञांनाच विचारा, मी नुसता आ वासून बसलोय.

अजून संपलं नाही. न्यूझीलंडला जाणारे गॉडविट वर्षाच्या फेऱ्यात सुमारे २९,००० किलोमीटर उडतात, आणि काही वीस वर्षांच्या पुढेही जगतात. करा गुणाकार: पाच लाख ऐंशी हजार. चंद्र गाठून अर्ध्या वाटेपर्यंत परत!

बूंडॉलला गेलात तर कुत्रा घरी ठेवा, तो पक्ष्यांना उडवून लावेल. चिखलात उभा असलेला तो पक्षी पुढच्या प्रवासाची टाकी भरत असतो.