रिकाम्या खुर्चीशी बोलताना

समजा, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी एक मराठी गृहिणी आहे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीने इथे आलेला. मुलगा कॉलेजात. घरात तसे काही कमी नाही. पण दीड वर्षापूर्वी साताऱ्याला तिची आई गेली, तेव्हा हिला वेळेवर पोचता आले नाही. ‘उद्याचं तिकीट काढते’ असे ती फोनवर म्हणाली आणि त्याच रात्री सगळे संपले. दिवसकार्य आटोपून ती परतली ती कोरड्या डोळ्यांनी. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, पहाटे तीनला झोप मोडते आणि माहेरचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही मोठी रुग्णालये घरापासून जवळच. घसा तपासून होतो, थायरॉइड तपासून होते, दुर्बीण घालूनही होते. सारे ठीक. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून डॉक्टर मोकळे होतात. ‘भाभीजी, किसीसे बात करो’ असे शेजारीण म्हणते. पण बोलायचे कुणाशी? नवऱ्याला सांगितले तर तो ‘आता किती दिवस धरून बसणार?’ म्हणतो. शेवटी मुलाच्या कॉलेजातल्या समुपदेशिकेकडून एक शब्द घरात येतो – गेस्टाल्ट थेरपी.

हे आता काय नवीन, असे तिला वाटले तर नवल नाही. खरे तर ते नवीन नाही.

ठिपके आणि रांगोळी

गेस्टाल्ट हा जर्मन शब्द. त्याचा अर्थ घाट, पूर्ण आकृती. अंगणात ठिपके काढले की रेघा ओढण्याआधीच आपल्या डोळ्यांना कमळ दिसू लागते. सुट्या ठिपक्यांतून मन पूर्ण आकृती जुळवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅक्स वेर्टहायमर, वोल्फगांग कोहलर आणि कुर्ट कोफ्का या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी याचाच अभ्यास केला. त्यांचे आणखी एक म्हणणे असे की एका वेळी एकच गोष्ट ठळकपणे पुढे येते, बाकीचे मागे सरते. आयएनए बाजारात नारळ घ्यायला गेलेल्या बाईला नारळच दिसतात; मासळीची दुकाने तिथेच असतात, पण ती नजरेत भरत नाहीत. नारळ पिशवीत पडला की तो मागे सरतो आणि पुढची गरज समोर येते.

निरोगी मनाचे असेच चालते. गरज पुढे येते, भागते, मागे जाते. पण जे भागलेच नाही, त्याचे काय? १९२७ साली ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने अर्धवट राहिलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात असे मांडले. पुढच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दरवेळी तसाच निघाला नाही. मात्र अर्धे सोडलेले काम हाती घेऊन पुरे करावे अशी ओढ माणसाला असते, हे वारंवार दिसले. गेस्टाल्ट थेरपी उभी आहे ती या ओढीवर. न बोललेले बोलणे, न काढलेला राग, न घेतलेला निरोप यांना ती ‘अपुरे काम’ म्हणते.

ही उपचारपद्धती घडवली फ्रिट्झ पर्ल्स आणि त्यांची पत्नी लॉरा यांनी. दोघेही जर्मनीतले ज्यू. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीतून निसटून ते पुढे दक्षिण आफ्रिकेत आणि नंतर न्यूयॉर्कला गेले. १९५१ मध्ये फ्रिट्झ यांनी राल्फ हेफरलाइन आणि पॉल गुडमन यांच्यासह या विषयावरचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला. लॉरा पियानो आणि नृत्य शिकलेल्या. माणसाचा श्वास, बसण्याची ढब, पायांचा जमिनीशी संबंध याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. फ्रिट्झ यांच्या पहिल्या पुस्तकातही त्यांच्या लेखणीचा वाटा होता, पण मुखपृष्ठावर नाव आले फक्त नवऱ्याचे. बायकांच्या वाट्याला येणारी ही गोष्ट मानसोपचारातही चुकली नाही!

तासाभरात काय घडते

आता आपल्या गृहिणीकडे वळू. ती पहिल्यांदा जाते तेव्हा तिला वाटते, लहानपणापासूनची कहाणी सांगावी लागेल. थेरपिस्ट ती ऐकते, पण मध्येच थांबवून विचारते, ‘हे सांगताना आत्ता तुम्हाला काय होतंय?’

‘काही नाही.’

‘तुमचा हात गळ्याशी गेलाय.’

‘का’ हा प्रश्न इथे फारसा विचारला जात नाही. ‘का’ विचारले की माणूस कारणे जुळवू लागतो, आणि कारणे तर तिने दीड वर्ष जुळवलेलीच असतात. त्याऐवजी ‘काय’ आणि ‘कसे’ विचारले जाते. घशात काय वाटते? गोळा? किती मोठा? त्या गोळ्याला बोलता आले तर तो काय म्हणेल?

पर्ल्स यांना खाण्याच्या उपमा आवडत. दुसऱ्यांचे नियम न चावता गिळले तर ते पोटात दगडासारखे पडून राहतात, असे त्यांचे म्हणणे. मराठीला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. आपण आवंढा गिळतो, राग गिळतो, अपमान गिळतो. ‘थोरल्या लेकीनं खंबीर राहायचं’ हे वाक्य तिने असेच कधीतरी गिळलेले असते. भावावरचा ‘मला आधी का नाही कळवलंस’ हा राग बाहेर न पडता तिच्यावरच उलटलेला असतो, ‘मीच वाईट मुलगी’ या रूपाने.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत, ती तयार असेल तर, थेरपिस्ट एक रिकामी खुर्ची समोर ठेवते. ही कल्पना मूळची जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्याची. पर्ल्स यांनी ती आपलीशी केली. ‘आई इथे बसली आहे असं समजा. मला सांगू नका, तिला सांगा.’

सुरुवातीला हसू येते, लाज वाटते. मग एखादे वाक्य निघते. ‘आई, मी येणार होते गं.’ त्यानंतर काय होईल ते आधी सांगता येत नाही. कुणी रडते, कुणी चिडते. थोड्या वेळाने थेरपिस्ट तिला त्या दुसऱ्या खुर्चीत बसायला सांगते, आईच्या जागेवरून उत्तर द्यायला. पुष्कळदा नवल घडते ते इथेच. जी आई दीड वर्ष मनात रागावून बसलेली असते, ती त्या खुर्चीतून म्हणते, ‘तू जेवलीस का?’

हे नाटक नव्हे आणि जादू तर मुळीच नव्हे. एका खुर्चीने दुःख संपत नाही. कित्येक भेटींत खुर्ची लागतही नाही. आर्नोल्ड बाइसर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९७० मध्ये लिहिले की माणूस जसा आहे तसा स्वतःला पुरता भेटला की बदलतो, वेगळे होण्याची धडपड करून नव्हे. टेनिस गाजवणाऱ्या या माणसाला तरुणपणीच पोलिओने जखडले होते, हे ठाऊक असले की त्या वाक्याचे वजन कळते.

याला पुरावा आहे का? १९९५ मध्ये सँड्रा पैवियो आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात ३४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या माणसाबद्दलच्या जुन्या सलावर रिकाम्या खुर्चीचा संवाद हा माहिती देणाऱ्या गटवर्गांपेक्षा अधिक उपयोगी ठरला. अर्थात विचार बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारांचा अभ्यास याहून कितीतरी जास्त झाला आहे. महाराष्ट्राला त्यातली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे चांगली परिचयाची आहे. एलिस आणि पर्ल्स दोघांनीही एकाच स्त्रीची मुलाखत घेतल्याचा चित्रपट १९६५ मध्ये निघाला. त्यात पर्ल्स तिला इतके डिवचतात की आजही पाहणारा अस्वस्थ होतो. आजचे चांगले गेस्टाल्ट थेरपिस्ट तसे वागत नाहीत. कुणी वागला तर उठून यावे.

माणूस पारखून घ्यावा

गेस्टाल्ट महाराष्ट्रात आले ते थोड्या अनपेक्षित वाटेने. मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ ही समुपदेशनाची संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. तिथल्या शिबिरांत धर्मगुरू आणि जोगिणी यांच्याबरोबर ते गेस्टाल्टचे तंत्र वापरत. आजही भारतात हे शिक्षण बहुतेक खासगी संस्थांतूनच मिळते. गेस्टाल्टची सरकारी परीक्षा नाही. म्हणूनच पाटीवर भुलू नये.

पहिले पाहायचे ते मूळ शिक्षण. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला? साडीचा काठ उलटून पाहणारी बाई इथे मात्र गप्प बसते. मग विचारावे : गेस्टाल्ट कुठे शिकलात, किती वर्षे? दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र आणि काही वर्षांचे शिक्षण यांत मोठे अंतर आहे. या शिक्षणात विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घेणे अपेक्षित असते, तेही विचारावे. अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन अजून घेता का? फी किती, भेट चुकली तर काय? प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. बोललेले बाहेर जाणार नाही ना, हाही प्रश्न रास्तच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

काही वेळा मात्र आधी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच हवा. भास होत असतील, झोपेवाचून अंगात भलताच उत्साह संचारत असेल किंवा जीव द्यावा असे मनात येत असेल, तर खुर्चीचे प्रयोग नकोत. अशा वेळी १४४१६ हा ‘टेली मानस’चा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालतो.

भाषेचा प्रश्न उरतोच. दिल्लीत थेरपिस्ट बहुधा हिंदी किंवा इंग्रजी बोलणारी मिळणार. पण आईशी कुणी इंग्रजीत बोलते का? पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे, ‘खुर्चीशी मराठीत बोलले तर चालेल ना?’ जाणती थेरपिस्ट हो म्हणेल. तिला शब्द कळले नाहीत तरी श्वास आणि हात दिसतात. अर्थ मागाहून विचारता येतो.

मराठीच थेरपिस्ट हवी तर पुण्या-मुंबईची कुणी व्हिडिओवर भेटू शकते. तिथे अडचण वेगळी. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बाहेर सासूबाई टीव्ही पाहत असतात, दाराला कडी घातली तरी आवाज जातो. ‘आई, मी येणार होते गं’ हे वाक्य दबक्या आवाजात म्हणून भागत नाही. त्या तासापुरती एखाद्या मैत्रिणीच्या रिकाम्या घराची किल्ली मागून ठेवावी, आणि तिथे दोन खुर्च्या आहेत ना, ते आधीच पाहून घ्यावे.