विद्रुमांच्या गावी

आपल्या संस्कृत कोशकारांची पोवळ्याने मोठी पंचाईत केलेली दिसते. समुद्रातून निघणाऱ्या या वस्तूला त्यांनी ‘प्रवाळ’ म्हटले, आणि प्रवाळ म्हणजे कोवळा अंकुर. दुसरे नाव दिले ‘विद्रुम’. त्यात तर अख्खा द्रुमच उभा आहे! हे रत्न की झाड, याचा निकाल काही लागेना. खरे उत्तर तिसरेच निघाले. प्रवाळ हा प्राणी आहे. तोही एकटादुकटा नव्हे. इवल्या इवल्या असंख्य जीवांची ती एक चाळच असते, आणि प्रत्येक बिऱ्हाडकरू आपली खोली स्वतःच चुन्याने बांधून घेतो. मंगळासाठी अंगठीत घालतात ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. ते या चाळवाल्यांचे दूरचे नातलग.

ही चाळ पाहायला परदेशी जावे लागत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात ती नांदते आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्याच बेटाच्या खडकांना हे जीव बिलगून आहेत. १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. लक्षद्वीपसारखी फांद्याफांद्यांची बाग मात्र येथे शोधू नये. येथले प्रवाळ बहुधा गोलमटोल, धोंड्यासारखे, नाहीतर खडकावर लिंपल्यासारखे पसरलेले. पाणीही नेहमीच काचेसारखे नसते.

पाण्यात उतरण्याची सोय मोठी गमतीची आहे. १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ या दोघा फ्रेंचांनी पाठीवरच्या नळकांड्यातली दाबलेली हवा श्वासागणिक बेताने तोंडात सोडणारे यंत्र सिद्ध केले; त्याच्याच जोरावर आज पोहता न येणारे गृहस्थही शिक्षकाचा हात धरून चार-पाच मीटर खाली जाऊन येतात. नियम दोनच, पण प्राणाशी गाठ घालणारे. श्वास कधी कोंडायचा नाही. आणि कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. खुणांची भाषा मात्र आधी नीट शिकून घ्यावी. जमिनीवर आपण अंगठा उंचावून ‘छान!’ म्हणतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. आमच्या होडीतल्या एका उत्साही काकांनी खाली पोचताच आनंदाने अंगठा दाखवला, आणि क्षणार्धात ते पुन्हा होडीपाशी तरंगू लागले!

खाली गेल्यावर पहिल्याने जाणवतो तो स्वतःच्याच श्वासाचा आवाज. मग काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी काचेशी येऊन आपले तोंड न्याहाळतात. आणि मग ते धोंडे. एखादा वीतभर वाढायला वीसएक वर्षे सहज लागतात. हातभर उंचवट्याचे वय एखाद्या आजीबाईएवढे असू शकते. त्यावर फोटोसाठी पाय रोवून उभे राहणारी माणसे पाहिली की जीव कळवळतो. माशांची गर्दी जमावी म्हणून पावाचे तुकडे टाकण्याची चालही मला पसंत नाही. देवळापुढच्या कबुतरांसारखे मासे करून काय साधायचे?

चाळीचा खरा धोका आणखी वेगळा आहे. या बिऱ्हाडकरूंनी आपल्या अंगातच पोटभाडेकरू ठेवले आहेत. ते म्हणजे सूक्ष्म शेवाळे. ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि त्यातले बरेचसे घरमालकाला भाड्यादाखल देते. म्हणूनच हे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यात राहतात. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, की हे कूळ घराबाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक होतो. वेळेवर गारवा आला तर संसार पुन्हा सावरतो. नाही आला तर उपासमार. मालवणच्या प्रवाळांवरही अशी पांढरी कळा येऊन गेली आहे.

अभयारण्य झाले तेव्हा मालवणच्या कोळ्यांनी त्याला कडवा विरोध केला. तो अडाणीपणाचा नव्हता. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली, तेथे उद्या जाळे टाकू देतील का, ही पोटाची भीती होती. ती अजून पुरती गेलेली नाही. आज मात्र त्याच घरांतली पोरे पर्यटकांना पाण्याखाली नेतात. पावसाळ्यात हा धंदा बंद. बाकीच्या महिन्यांत त्यांचे घर चालते ते या धोंड्यांच्या जिवावर. आमच्या होडीचा तांडेल अशाच घरातला. त्याच्या वडिलांनी विरोधाच्या सभा गाजवलेल्या. आता धाकटा भाऊ पाणबुड्या झाला, आणि वडील किनाऱ्यावर बसून गिऱ्हाइकांची नावे लिहून घेतात.

जाता जाता एक सूचना. २००१ पासून हे प्रवाळ वाघाच्याच पंक्तीला, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसले आहेत. तेव्हा दिवाणखान्यातल्या कपाटासाठी एखादा पांढरा तुकडा पिशवीत टाकण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये. आणि होडी ठरवताना भावाची घासाघीस जरूर करावी. पण त्याआधी नांगर कुठे टाकता, हे विचारावे. आमच्या तांडेलाने तो वाळूच्या पट्ट्यात टाकला होता. त्यासाठी तो दहा मिनिटे जास्त वल्हवत राहिला, आणि होडीतली मंडळी उशीर झाला म्हणून कुरकुरत होती.