सीडी बर्न करणारं सॉफ्टवेअर डेबियनने का बदललं?

आज गाणी थेट फोनवर येतात, पण एकेकाळी ती सीडीवर बर्न करावी लागायची. लिनक्सवर त्यासाठी ‘सीडीआरटूल्स’ हे पॅकेज होतं. जर्मनीचे यॉर्ग शिलिंग ते सांभाळायचे.

२००६ मध्ये त्यांनी त्यातल्या बऱ्याच भागाचं लायसन्स जीपीएलवरून सीडीडीएल केलं. दोन्ही ओपन सोर्सच, मग अडलं कुठे? जीपीएल कोड मिसळलेला प्रोग्राम वाटायचा असेल, तर तो सगळाच जीपीएलखाली द्यावा लागतो. सीडीडीएल म्हणतं, माझ्या फाइल्स माझ्याच लायसन्सखाली राहणार. आणि पॅकेजमधला ‘एमकेआयएसओएफएस’ तर जीपीएलचाच होता! दोन्ही अटी एकत्र पाळता येणार नाहीत, असं डेबियनचं म्हणणं. शिलिंगना ते कधीच पटलं नाही.

मग डेबियनवाल्यांनी आधीचा जीपीएल कोड घेतला (एकदा दिलेलं जीपीएल मागे घेता येत नाही, ही खरी गंमत) आणि त्यातून ‘सीडीआरकिट’ काढलं. ‘सीडीरेकॉर्ड’च्या जागी ‘वोडिम’ आलं, कमांड देण्याची पद्धत बरीचशी तीच. पण कोड घेणं सोपं, सांभाळणं अवघड. २०१० नंतर सीडीआरकिटची नवी आवृत्ती आलीच नाही. शिलिंग मात्र आपलं सीडीआरटूल्स पुढेही कित्येक वर्षं अपडेट करत राहिले.