लेन्सचा साठा : ठेवावा काय, विकावा काय, बदलावा काय?

जो माल फळीवरून हलत नाही, तो दरवर्षी थोडा थोडा स्वस्त होत जातो. कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या आम्हाला हे नव्याने शिकण्याची गरज नव्हती. तरीही काही वर्षांपूर्वी आमच्या घरात कॅमेऱ्याच्या सात लेन्स आल्या तेव्हा हाच नियम आम्ही विसरलो आणि त्याचा तोटा सोसला. ज्या बांधवांचा फोटो स्टुडिओ आहे, ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे कॅमेरे पडून आहेत किंवा जे जुन्या मालाची खरेदी-विक्री करतात, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो हिशेब येथे मांडत आहोत.

आमचे थोरले बंधू हौशी फोटोग्राफर होते. त्यांच्या इंतकालानंतर मागे लायका एम-२ हा जर्मन कॅमेरा आणि सात लेन्स राहिल्या. पुतण्या म्हणाला, "चाचा, सगळ्याचा एकगठ्ठा सौदा करून टाका." एका व्यापाऱ्याने भावही सांगितला होता. भाभींचे म्हणणे असे की, मरहूमांची एकही वस्तू घराबाहेर जाऊ नये. निर्णय होईना, म्हणून आम्ही सर्व लेन्स चामड्याच्या डब्यांत घालून कपाटात ठेवून दिल्या. भिवंडीचे दोन पावसाळे गेले. डबे उघडले तेव्हा सातांपैकी सर्वांत महाग लेन्समध्ये बुरशीचे जाळे पसरलेले होते.

हा कॅमेरा वेगळा कसा?

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मधोमध एका लहान चौकोनात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचे कडे फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस जमला. खिडकीत पांढऱ्या रेघांच्या चौकटी असतात. कोणत्या लेन्सने किती दृश्य फोटोत येईल हे त्या दाखवतात.

म्हणून लेन्सचा विचार कॅमेऱ्यापासून वेगळा करता येत नाही. १९५४ साली आलेल्या एम-३ मध्ये ५०, ९० व १३५ मिलिमीटरच्या चौकटी आहेत. आमच्या घरच्या एम-२ मध्ये ३५, ५० व ९० च्या आहेत. १३५ ची लेन्स एम-२ वर बसते, पण तिची चौकटच नाही. फोटो अंदाजाने घ्यावा लागतो. लेन्स चांगली असूनही ती आपल्या कॅमेऱ्याच्या कामाची नसू शकते.

दुसरी गोष्ट जोडणीची. १९५४ पूर्वीच्या लायका लेन्स ३९ मिलिमीटरच्या आट्यांच्या असत. एम-३ पासून फिरवून अडकवण्याची जोडणी आली आणि ती आजही कायम आहे. आट्यांची लेन्स एक मिलिमीटर जाडीची कडी घालून नव्या कॅमेऱ्यावर चालते, मात्र कडी त्या लेन्सच्या मापाची असावी, नाहीतर खिडकीत चुकीची चौकट उमटते. २००६ मध्ये आलेल्या डिजिटल एम-८ वरही जुन्या लेन्स बसतात. आरसा नसलेल्या इतर डिजिटल कॅमेऱ्यांवरही त्या अडॅप्टर लावून वापरता येतात. २०२२ मध्ये लायकाने फिल्मचा एम-६ पुन्हा काढला. सबब जुन्या लेन्सला गिऱ्हाईक नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

हलता माल कोणता?

आमच्याकडे होत्या त्या लेन्स अशा : ३५ ची समारॉन, ५० च्या तीन, म्हणजे लायकाची समिक्रॉन, जपानी कॅनन व रशियन ज्युपिटर-८, ९० च्या दोन, एल्मार व एल्मारिट, आणि १३५ ची हेक्टर. एकाच मापाच्या तीन व दुसऱ्या मापाच्या दोन! दुकानात एकाच रंगाची इतकी थाने आम्ही कधी भरली नसती.

उत्तर बंधूंच्या निगेटिव्हनेच दिले. प्रत्येक पाकिटावर लेन्सचा आकडा लिहिण्याची त्यांना सवय होती. पाकिटे लावून पाहिली तर बहुतेकांवर ५० किंवा ३५, काहींवर ९०, आणि १३५ फक्त एकावर. जाणकारांनाही हे पटेल. आंरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या मोठ्या छायाचित्रकाराचे बहुतेक काम ५० च्या लेन्सवर झालेले आहे. ज्यांच्याकडे अशी नोंद नसेल त्यांनी जुने फोटो काढून बसावे. नावावर किंवा ऐकीव भावावर जाऊ नये.

ऐब कसा ओळखावा?

विकण्यापूर्वी आणि ठेवण्यापूर्वीही प्रत्येक लेन्स तपासावी. झडप पूर्ण उघडून मागून बॅटरीचा उजेड टाकावा आणि तिरपे पाहावे.

कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. ती लवकर साफ केली तर निघते, पण उशीर झाला तर काचेवरच्या लेपात कायमचा डाग राहतो. धुरकटपणा दिसला तर आतल्या काचेवर थर जमला आहे. तो पुष्कळदा साफ होतो, पण लेप खराब झाला असेल तर नाही. कडेला तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. ही दुरुस्ती महागाची.

पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा मात्र फोटोत सहसा दिसत नाही. आतल्या धुरकटपणाने जितके नुकसान होते तितके त्याने होत नाही. गिऱ्हाईक ओरखड्याला घाबरते आणि धूर त्याच्या ध्यानात येत नाही.

फोकसची परीक्षा आम्ही दुकानातल्या लाकडी मीटरपट्टीवर घेतली. पट्टी एक मीटर अंतरावर तिरपी ठेवावी, कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवावा, झडप पूर्ण उघडावी, मधल्या एका आकड्यावर फोकस धरून फोटो घ्यावा. दुसराच आकडा स्पष्ट आला तर लेन्स व कॅमेरा यांचा मेळ नाही. आमची ज्युपिटर येथेच चुकली. रशियन लेन्सचे माप लायकाच्या मापाहून किंचित वेगळे असते, त्यामुळे जवळच्या अंतरावर झडप उघडी असताना फोकस सरकतो. झडप एफ/८ पर्यंत मिटली की बहुधा अडचण येत नाही.

आमचा निर्णय

ठेवल्या त्या चार. ३५ ची समारॉन आणि ५० ची समिक्रॉन, कारण काम त्यांनीच केले होते. ९० ची एल्मार, कारण ती हलकी, स्वच्छ आणि बाजारात कमी किमतीची. विकून हाती फारसे येत नव्हते आणि ठेवून ९० ची गरज भागत होती. ज्युपिटर पुतण्याच्या हाती दिली. तिचे मोल थोडे, पण शिकणाऱ्याच्या हातून पडली तरी घराचे दिवाळे निघणार नाही.

विकल्या दोन. १३५ ची हेक्टर, कारण आमच्या कॅमेऱ्यात तिची चौकट नाही. ती एम-३ वाल्याने आनंदाने नेली. आणि कॅनन, कारण समिक्रॉन असताना तिला काम उरले नव्हते. तिच्यात धूर होता. या लेन्समध्ये हा दोष नेहमीचा आहे. आम्ही उजेड टाकून घेतलेला फोटो गिऱ्हाइकाला आधीच दाखवला आणि भाव तसा लावला. ऐब लपवून विकलेल्या थानाचे जे होते, तेच लेन्सचेही होते : माल परत येतो आणि त्याच्याबरोबर बदनामीही.

राहिली बुरशी लागलेली एल्मारिट. साफ करून घेतली, पण लेपावर डाग राहिले. त्या व्यापाऱ्याने पूर्वी जो भाव दिला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी आता तो देईना. शेवटी एका कारागिराशी सौदा केला. त्याने लेन्स घेतली आणि बदल्यात एम-२ ची संपूर्ण दुरुस्ती करून दिली. रोख विकून हाती आले असते त्यापेक्षा हे काम जास्त मोलाचे ठरले. अदलाबदल तेव्हाच करावी, जेव्हा समोरच्याकडे आपल्या गरजेची वस्तू किंवा हुन्नर असेल. नाहीतर एका पडीक मालाच्या जागी दुसरा येतो.

ठेवलेल्या मालाची काळजी

चामड्याचा डबा ओल धरून ठेवतो, म्हणून लेन्स त्यात कोंडू नये. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या, रंग बदलला की त्या तापवून वाळवाव्या. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असे पाहावे, त्यासाठी लहान मापक मिळते. बुरशीची लेन्स चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नये. आणि सर्वांत उत्तम म्हणजे लेन्स वापरावी.

एक गोष्ट कापडवाल्यांच्या लगेच ध्यानात येईल. फिल्मच्या लायकाचा शटर रबर चढवलेल्या कापडाचा असतो आणि पुढे आरसा नसतो. टोपी न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला तर लेन्स भिंगासारखे काम करते आणि कापडाला भोक पडते.

भाभींना आम्ही तीन लेन्स का गेल्या ते समजावून सांगितले. त्यांनी एकच विचारले, "ज्या लेन्सने माझ्या मुलांचे फोटो काढले, ती आहे ना?" पाकिटे आधीच पाहिलेली होती. ती ५० ची समिक्रॉन होती, आणि ती कॅमेऱ्यावरच लावलेली होती. दोन पावसाळे आधी ही पाकिटे उघडली असती तर एल्मारिटही वाचली असती. आठवण आणि भांडवल दोन्ही सांभाळायचे असेल, तर निर्णय लांबणीवर टाकू नये, एवढेच आम्ही आमच्या तोट्यावरून सांगतो.